व्हॅम्पायरच्या कोटाला कसर का लागत नाही?

व्हॅम्पायरपटातल्या वेशभूषेबद्दल तक्रार केली की समोरून ठरलेले उत्तर येते : मेलेला माणूस रात्री उठून रक्त पितो हे तुम्हाला चालते, आणि त्याच्या कोटाचे कापड तेवढे खटकते? परवा लॉ कॉलेज रस्त्यावर चहा घेताना मित्रमंडळींनी मला याच प्रश्नावर गप्प करण्याचा प्रयत्न केला. तिथे सगळे सांगून झाले नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो आहे.

कथा आपल्याकडून एक अशक्य गोष्ट मागते आणि आपण ती आनंदाने देतो. पण तेवढे दिले म्हणजे उरलेले सगळे जगही सोडून दिले, असे होत नाही. इंग्रज कवी कोलरिजने १८१७ साली अविश्वास स्वेच्छेने बाजूला ठेवण्याची जी कल्पना मांडली, तिचा उत्तरार्धच लोक नेहमी उद्धृत करतात. अद्भुत पात्रांना आधी मानवी आस्था आणि सत्याचा पुरेसा आभास द्यायला हवा, तेव्हा कुठे वाचक आपला अविश्वास बाजूला ठेवतो, असे त्याच वाक्यात आहे. म्हणजे आभास उभा करण्याची जबाबदारी लेखकाची, आणि चित्रपटात तिचा बराच मोठा वाटा कपडेपटाचा.

भुताची गोष्ट वेगळी आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि तिथे अजूनही रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, असे पुण्यात पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. पण त्या वेळी त्यांच्या अंगरख्याची शिवण उसवलेली असते का, असे कोणी विचारत नाही, आणि विचारूही नये. भुताचे कपडे भुताच्याच द्रव्याचे असतात. व्हॅम्पायरला मात्र शरीर आहे. तो शवपेटीचे झाकण आतून उचलतो, मातीत झोपतो, भिंतीवरून उतरतो आणि त्याच्या हनुवटीवरून रक्त ओघळते. त्याची जखम भरून येते हे कथेने सांगितले आहे. त्याच्या बाहीवरची चीर भरून येते, असे कोणत्याही कथेने सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता कापडाकडे पाहू. ज्यांच्या घरी आजीची किंवा पणजीची पैठणी आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवलेली, अधूनमधून बाहेर काढून घडी बदललेली, उन्हापासून आणि दमटपणापासून जपलेली पैठणीसुद्धा शेवटी घडीवरच विरते आणि तिची जर काळवंडते. कसर लोकर आणि रेशीम दोन्ही खाते. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेशमाला वजन आणि सळसळ यावी म्हणून त्यात कथिलाचे क्षार भरत असत. तसे रेशीम काही दशकांतच तडकते आणि हात लावला तरी त्याच्या चिंध्या होतात. काळा रंग, म्हणजे व्हॅम्पायरांचा लाडका रंग, तर आणखी वाईट. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस वापरून जसा काळा रंग करत, तसाच लोह आणि टॅनिनचा काळा रंग युरोपातही होता, आणि त्यातले लोह हळूहळू धागाच कुजवते. असा रंग जुना झाला की तपकिरी पडतो. पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुनी वस्त्रे पाहिलेल्या माणसाला पडद्यावरचा दोनशे वर्षांचा कुळकुळीत काळा मखमली कोट पाहून, तो कालच गिरणीतून आला आहे, हे कळल्यावाचून राहत नाही. त्यात शिवण यंत्रावरची असेल किंवा अठराव्या शतकातल्या उमरावाच्या अंगावर १८५६ नंतरच्या कृत्रिम रंगांचा भडक जांभळा असेल, तर बोलायलाच नको.

गंमत म्हणजे ब्रॅम स्टोकरला हे प्रश्न पडले होते. त्याच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’मध्ये किल्ल्यात नोकरचाकर नाहीत आणि काउंट स्वतःच पाहुण्याचा बिछाना घालतो, टेबल मांडतो, हे तिथे पाहुणा म्हणून आलेल्या हार्कर या इंग्रज वकिलाच्या लक्षात येते, आणि त्या घरातली खरी भीती मला तिथून सुरू झालेली वाटते. पुढे काउंट बाहेर पडताना हार्करचाच पोशाख अंगावर चढवतो, म्हणजे गावातल्या लोकांना तो हार्करच वाटावा आणि त्याच्या दुष्कृत्यांचा आळ हार्करवर यावा. लंडनच्या धक्क्यावर तो दिसतो तो काळ्या पोशाखावर गवती टोपी घातलेला, आणि ती टोपी ना त्याला शोभते ना त्या हंगामाला, असे त्याचा माग काढणारा प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग मुद्दाम सांगतो. शतकानुशतके जगलेल्या माणसाला कपड्यातले औचित्य नेमके साधत नाही, हे एका टोपीत आले आहे. रेल्वेची वेळापत्रके, टंकलेखन यंत्र, फोनोग्राफ आणि मातीच्या पन्नास पेट्यांचा हिशेब मांडणाऱ्या लेखकाकडून हेच अपेक्षित होते.

मग तो उभ्या कॉलरचा झगा आला कुठून? रंगभूमीवरून. कादंबरीतल्या काउंटकडेही झगा आहे आणि भिंतीवरून उतरताना तो पंखांसारखा पसरतो, पण ती प्रचंड कॉलर १९२४ सालच्या इंग्लंडमधल्या नाटकातली. नटाने प्रेक्षकांकडे पाठ केली की कॉलरीमागे डोके झाकले जाई आणि खालच्या झडपेतून त्याला गुप्त होता येई. १९३१ साली ड्रॅक्युलाच्या भूमिकेत नट बेला लुगोसी संध्याकाळच्या पोशाखात आणि झग्यात पडद्यावर आला आणि नाटकाची ती सोय हा त्या जातीचा गणवेश होऊन बसला. ही कॉलर मला खटकत नाही. तिचे खरे काम होते. ते काम संपल्यावरही ती टिकली, एवढेच.

यावर एक चांगला आक्षेप असा की व्हॅम्पायर श्रीमंत असतो, तो नवे कपडे शिवून घेईल. जरूर घ्यावेत. पण मग जुना बेत आजच्या शिंप्याला सांगून, आजच्या कापडात शिवलेला पोशाख कसा दिसतो, तेही दाखवावे. शिवजयंतीला भाड्याने आणलेले अंगरखे ज्यांनी जवळून पाहिले आहेत (पाठीला वेल्क्रो, काठाला प्लॅस्टिकची जर), त्यांना त्या मिश्रणाची पूर्ण कल्पना आहे. असा किंचित चुकलेला, बाह्यांत बरोबर आणि खांद्यात आधुनिक कोट घातलेला व्हॅम्पायर मला फार आवडेल.

वास्तवाचा माझा आग्रह सरसकट मात्र नाही. कोपोलाच्या १९९२ सालच्या ड्रॅक्युलावरच्या चित्रपटात वेशभूषाकार एइको इशिओका यांचे कपडे कोणत्याच काळाशी प्रामाणिक नाहीत. सोललेल्या स्नायूंसारखे दिसणारे ते लाल चिलखत कुठल्या शस्त्रागारात सापडायचे? पण तिथे सगळा चित्रपटच पहिल्या काही मिनिटांत सांगून टाकतो की हे स्वप्न आहे, आणि शेवटपर्यंत तो करार पाळतो. त्या कामाला ऑस्कर मिळाले ते योग्यच होते. दुसऱ्या टोकाला रॉबर्ट एगर्सचा २०२४ सालचा ‘नोस्फेरातू’. कथा १८३८ सालची, आणि त्यातला व्हॅम्पायर ऑर्लोक मात्र त्याच्याही कितीतरी आधी मेलेला ट्रान्सिल्व्हेनियातला सरदार; वेशभूषाकार लिंडा मुइर यांनी त्याला दिलेला फरचा जड डगला त्याच्याइतकाच जुना आणि कुजका वाटतो. मला या दोहोंत दुसरा अधिक भावतो, कारण तिथे कपडा हाच वयाचा पुरावा होतो. मधले चित्रपट, ज्यांना खरेपणाही हवा आहे आणि इस्त्रीही मोडायची नाही, त्यांच्याशीच माझे भांडण आहे.

या व्यावहारिक प्रश्नांकडे सर्वांत नीट लक्ष दिले ते २०१४ सालच्या ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ या न्यूझीलंडच्या विनोदी चित्रपटाने. त्यातला एक व्हॅम्पायर सावजाच्या गळ्याला तोंड लावण्यापूर्वी जमिनीवर वर्तमानपत्रे अंथरतो, आणि आरशात प्रतिबिंब दिसत नसल्यामुळे बाहेर पडण्याआधी ते सगळे आपण कसे दिसतो हे एकमेकांना चित्र काढून दाखवतात. गळ्यातला तो रेशमी रुमाल आरशाशिवाय इतका नेटका कसा बांधला, हे गंभीर व्हॅम्पायरपटांतल्या एकाही काउंटने मला आजवर सांगितलेले नाही.