‘१०० चं नेट, मिळतात १२’ : त्या फॉरवर्डमधला एकेक दावा

इंटरनेट कनेक्शनबद्दलचा एक मेसेज सारखा फिरत असतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच: ‘१०० एमबीपीएसचे पैसे घेतात आणि डाउनलोड करताना ११-१२ च दिसतात, म्हणजे कंपनी आठपट लुटते. वायफायच्या यादीत ५जी लिहिलेलं नाव निवडा, फाइव्ह-जीचा वेग मिळेल. गेम अडकतो? मोठा प्लान घ्या. डीएनएस बदला, वेग दुप्पट. आणि फायबर घेतलंत की अख्खी लाइन तुमची एकट्याची.’

पाचही दावे चुकीचे आहेत. एकदोनांत थोडं तथ्य आहे, ते त्या त्या ठिकाणी सांगतो. पण नुकसान गैरसमजापुरतं थांबत नाही. हा मेसेज वाचून माणूस चुकीचा आकडा घेऊन कस्टमर केअरला फोन करतो, तिथे ती तक्रार दोन मिनिटांत खोडली जाते आणि लाइनीत खरोखर असलेला दोष तसाच राहतो.

‘१०० घेतले, ११-१२ मिळाले’

कनेक्शनचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. ८ बिटांचा १ बाइट होतो. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनीवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट येणार.

मग १२.५ तरी पूर्ण का दिसत नाहीत? डेटा पॅकेटांतून येतो आणि प्रत्येक पॅकेटवर पत्ता-ठिकाणा लिहिलेला असतो. इथरनेटच्या, म्हणजे केबलने जोडलेल्या नेटवर्कच्या, एका मोठ्या पॅकेटमध्ये १५०० बाइट मावतात. त्यातले २० आयपी हेडरचे, किमान २० टीसीपी हेडरचे; हेडर म्हणजे तोच पत्ता-ठिकाणा आणि क्रम सांगणारी माहिती. तुमच्या फाइलसाठी उरले १४६०. तारेवर मात्र फ्रेमची, म्हणजे पॅकेटला गुंडाळणाऱ्या वेष्टनाची, स्वतःची माहिती, तपासणीचे बाइट आणि दोन फ्रेममध्ये सोडावी लागणारी मोकळी जागा धरून १५३८ बाइटांचा वेळ खर्च होतो. १४६० भागिले १५३८ म्हणजे साधारण ९५ टक्के. १२.५ चे ११.९ झाले. त्यातही काही प्रोग्रॅम एक एमबी १०,००,००० बाइटांचा न धरता १०,४८,५७६ बाइटांचा धरतात. त्यांच्यात तोच वेग ११.३ दिसतो. म्हणजे मेसेजमधला ‘११-१२’ हा आकडा लाइन ठणठणीत असल्याचाच पुरावा आहे. ४ जीबीची फाइल अशा लाइनीवर साडेपाच-सहा मिनिटांत उतरायला हवी. पंधरा मिनिटं लागली, तर मात्र शोध घ्यायलाच हवा.

शोध घेताना एक आकडा लक्षात ठेवा: ९४. प्लान ३०० चा असूनही स्पीड टेस्ट रोज ९४-९५ वरच अडत असेल, तर आधी केबल पाहा. १०० एमबीपीएसच्या इथरनेटला केबलमधल्या दोनच जोड्या लागतात, म्हणजे १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. उरलेल्या ४, ५, ७, ८ पैकी एक तार जरी कनेक्टरमध्ये नीट बसली नसली, तरी दोन्हीकडची उपकरणं बहुतेकदा काहीही न सांगता १०० वर उतरतात. इंटरनेट चालू राहतं, म्हणून कुणाला संशयही येत नाही. कॉम्प्युटरच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड पाहा. तिथे १००० ऐवजी १०० दिसला, तर कॅट ५-ई किंवा त्याच्या वरच्या दर्जाची धड केबल लावून पुन्हा पाहा. तरीही १०० च, तर राउटरचं पोर्टच १०० चं आहे का ते तपासा. स्वस्त राउटरमध्ये ते सर्रास असतं.

‘वायफायमधलं ५जी म्हणजे फाइव्ह-जी’

राउटरच्या नावामागचं ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, रेडिओ लहरींचा पट्टा. मोबाइलचं फाइव्ह-जी म्हणजे मोबाइल नेटवर्कची पाचवी पिढी. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. राउटरला येणारी लाइन ५० ची असेल, तर ५ गिगाहर्ट्झवरही ५० च मिळणार.

तरीही राउटरच्या खोलीत बसून ५ गिगाहर्ट्झ निवडणं बरोबरच आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे तीनच चॅनेल सोयीने बसतात, १, ६ आणि ११. शेजारी पाच-सहा राउटर असले की गर्दी ठरलेली. ५ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल भरपूर आहेत, पण भिंतीतून जाताना ही लहर जास्त क्षीण होते. दोन भिंतींपलीकडे २.४ च टिकतं.

फोनमध्ये दिसणारा लिंक स्पीडही फसवा आहे. एका अँटेनाचा वायफाय-४ वाला फोन २.४ गिगाहर्ट्झवर ७२ दाखवतो. प्रत्यक्षात त्यातून ४०-५० निघाले तरी चांगलं, कारण हवा सगळ्यांची सामायिक आहे आणि एका वेळी एकालाच बोलता येतं. अशा फोनवर टेस्ट करून ‘१०० मिळत नाहीत’ अशी तक्रार टिकणार नाही. टेस्ट केबल लावूनच करा.

‘गेम अडकतो? मोठा प्लान घ्या’

हा दावा सर्वांत महागात पडतो, म्हणून इथे जरा थांबू या. गेम आणि व्हिडिओ कॉल यांना लागतो तो कमी विलंब. पॅकेट जाऊन उत्तर परत येईपर्यंतचा वेळ म्हणजे पिंग. तो मिलिसेकंदांत मोजतात.

काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर ६,००० किलोमीटरवर असेल, तर जायला ३० आणि यायला ३० मिलिसेकंद लागणारच, प्लान ५० चा असो की १००० चा. प्लान वाढवून वाचतं काय? १५०० बाइटांचं पॅकेट, म्हणजे १२,००० बिट, १०० एमबीपीएसच्या लाइनीवर चढायला ०.१२ मिलिसेकंद घेतं आणि १००० च्या लाइनीवर ०.०१२. हा फरक माणसाला कळण्यासारखा नाही.

मग हा अडखळा, म्हणजे लॅग, येतो कुठून? बहुतेक वेळा अपलोडच्या रांगेतून. समजा अपलोड १० एमबीपीएस आहे आणि फोन गुपचूप फोटोंचा बॅकअप घेतो आहे. मोडेमच्या बफरमध्ये, म्हणजे डेटा थांबवून ठेवायच्या जागेत, १ मेगाबाइट साचला, तर ती रांग संपायला ०.८ सेकंद लागतो. तुमच्या गेमचं चिमुकलं पॅकेट त्या रांगेत शेवटी उभं राहतं आणि पिंग २० वरून ८०० वर जातो. या प्रकाराला बफरब्लोट म्हणतात. ओळखायला सोपा आहे: पिंग मोजणं सतत चालू ठेवा, मग मोठी फाइल अपलोडला लावा. आकडा झपाट्याने चढला आणि अपलोड थांबवताच खाली आला, तर दोष रांगेचा.

उपाय राउटरमध्येच असू शकतो. सेटिंगमध्ये एसक्यूएम, एफक्यू-कोडेल किंवा केक (रांग आवरणाऱ्या सोयींची नावं) यांपैकी काही असेल तर चालू करा आणि मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा; अपलोड १० असेल तर ९. थोडा वेग सोडावा लागतो, पण रांग तुमच्या राउटरच्या ताब्यात येते. कमकुवत प्रोसेसरच्या राउटरवर याने एकूण वेग बराच पडतो, तेव्हा चालू केल्यावर पुन्हा टेस्ट करा.

मेसेजमधलं तथ्य इतकंच की मोठ्या प्लानबरोबर अपलोड वाढला, तर रांग कमी वेळा भरते. नुसता डाउनलोड वाढला तर हा त्रास जाणार नाही.

‘डीएनएस बदला, वेग दुप्पट’

डीएनएस साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देतं. पत्ता मिळाला की त्याचं काम संपलं. फाइल त्याच्यातून येत नाही. आधीचा डीएनएस सुस्त असेल, तर पान उघडायला सुरुवात लवकर होईल, हा फायदा खरा आहे. उलट, लांबचा डीएनएस घेतल्याने एखादी सेवा तुम्हाला लांबच्या सर्व्हरकडे पाठवू शकते.

‘फायबर म्हणजे लाइन एकट्याची’

घरी येणारा तंतू एकट्याचा असतो, पण वाटेतल्या स्प्लिटरपासून (एका तंतूतला प्रकाश अनेक घरांत वाटणारा भाग) कंपनीकडे जाताना तो सामायिक होतो. जीपॉन या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत कंपनीकडच्या एका पोर्टवर डाउनलोडला २.४८८ आणि अपलोडला १.२४४ गिगाबिट प्रतिसेकंद असतात. ते बऱ्याचदा ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ३२ घरं एकाच क्षणी पूर्ण जोरात डाउनलोड करू लागली, तर प्रत्येकाला ७८ एमबीपीएसच्या आसपास मिळतील. तसं सहसा होत नाही, म्हणून ही विभागणी चालते. कंपनीने पुढची जोडणी अपुरी ठेवली, तर मात्र संध्याकाळी वेग पडतो, आणि ती तक्रार रास्त आहे. केबल लावून सकाळी ६ आणि रात्री ९ वाजता, सलग चार-पाच दिवस टेस्ट करा, एकाच सर्व्हरवर. वेळ, डाउनलोड, अपलोड, पिंग लिहून ठेवा. अशी वही समोर असली की ‘राउटर बंद करून चालू करा’ एवढ्यावर बोळवण करणं अवघड जातं.

वहीत आणखी एक आकडा लिहा: फायबरच्या डब्याच्या सेटिंगमध्ये दिसणारी ऑप्टिकल पॉवर. ती डीबीएम या प्रकाशाची ताकद मोजायच्या एककात आणि उणे असते. जीपॉनच्या नेहमीच्या डब्यांना उणे ८ ते उणे २७ च्या मधला उजेड लागतो. इथे लोक हमखास गोंधळतात: उणे १९ चे उणे २६ झाले, म्हणजे आकडा मोठा झाला, पण उजेड पाचपटीने घटला. कारण बहुधा केबलला पडलेली तीव्र वळी किंवा मळलेला कनेक्टर असतो. वळी तुम्हीच हळूच सैल करू शकता. कनेक्टर मात्र तंत्रज्ञाकडूनच पुसून घ्या आणि उघड्या टोकात डोकावू नका. त्यातला प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही.