खुलासा: प्रमाणपत्र आहे म्हणून गेहरिगची सही खरी ठरत नाही

‘चेंडू पिवळा पडलाय, सोबत प्रमाणपत्र आहे, म्हणजे अमेरिकी बेसबॉलपटू लू गेहरिगची सही अस्सल’ असा दावा फिरतोय. तो चुकीचा आहे. अमेरिकेत एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेच्या ‘ऑपरेशन बुलपेन’ मोहिमेत जप्त झालेल्या बनावट सह्यांनाही प्रमाणपत्रं जोडलेली होती.

आधी चेंडूचा शिक्का वाचा. अमेरिकन लीग या बेसबॉल स्पर्धेच्या अधिकृत चेंडूवर त्या काळी लीगच्या अध्यक्षाचं नाव छापलेलं असायचं: विल्यम हॅरिज 1931 ते 1959, नंतर जो क्रोनिन. गेहरिग 1941 मध्ये वारला, तेव्हा क्रोनिनच्या शिक्क्यावर त्याची सही अशक्यच. मग दहापट भिंगाखाली शाई बघा. फाउंटन पेनची शाई कातड्यात मुरते, कडा किंचित फुटतात. बॉलपेन बारीक चर पाडतं. आणि अमेरिकेत बॉलपेन विकायला आलं 1945 मध्ये!

शिक्का आणि शाई जुळली तरी घाई नको. संघाच्या चेंडूंवर बड्या खेळाडूंच्या नावाने क्लबहाउसमधली (संघाच्या कपडे बदलायच्या खोलीतली) कामाची पोरंही सह्या करत. तिथे काळ बरोबर, हात दुसऱ्याचा. म्हणून खात्रीच्या नमुन्यांशी अक्षरांचा उतार, जोड आणि दाब ताडून बघावाच लागतो. फिकट सही चुकूनही गिरवू नका, किंमत कोसळते.