वादी ताणा, गठ्ठा ठोका

घरी बसून इटालियनचं भाषांतर करतो असं जळगावात सांगितलं की समोरचा पहिले विचारतो, त्याच्यात पैसे मिळतात का. मिळतात हो. ठिबकचे पंप, पॅकिंग मशीन असली मॅन्युअलं येत राहतात, बोल्टला बोल्ट लिहायचं आणि बिल पाठवायचं. पण यंदा मे महिन्यात, पारा ४४ च्या वर आणि कूलर नुसता घरघरतोय, अशात तिकडच्या एका वाद्यविक्रेत्याने तबल्याचं मराठी माहितीपत्रक इटालियनमध्ये करायला धाडलं. सोप्रानो, अलेग्रो, क्रेशेंदो, अख्ख्या जगाने ज्यांचे शब्द उचलले त्यांना आता आपण शब्द पुरवायचे, म्हटलं वा, कॉलर टाईट!

पहिल्याच ओळीला ढिली झाली. 'वादी ताणून गठ्ठे ठोका.' वादी म्हणजे तबल्याला आवळलेली चामड्याची पट्टी, गठ्ठे म्हणजे तिच्याखालचे लाकडी ठोकळे. ऑनलाइन ट्रान्सलेटरने वादीला थेट कोर्टात उभं केलं, आत्तोरे. दिवाणी दाव्यातला वादी तिकडे आत्तोरे, आणि नटालाही आत्तोरेच म्हणतात, म्हणजे मिलानमधला कुणी बिचारा तबला सुरात लावायला नट शोधत फिरणार आणि सापडला की त्याला ताणणार. गजऱ्याची, म्हणजे कातड्याच्या कडेच्या गोफाची, झाली फुलांची माळ, शाई गेली दौतीत, आणि पुडी, तबल्याच्या तोंडावरचं कातडं, कुठे गेली विचारू नका, तंबाखूच्या टपरीवर.

शेवटी वही घेऊन तबले दुरुस्त करणाऱ्या बाबांकडे गेलो. बाबा शाई चढवत होते. लोखंडाची भुकटी आणि खळ कालवलेला काळा लगदा, त्याचा बोटाने पातळ थर, मग गुळगुळीत दगडाने घासायचं ते घासायचंच, केसाएवढ्या भेगा पडेपर्यंत, की परत थर. मी एकेक नाव लिहितोय, चाट, लव, गजरा, तर म्हणतात, "तबला ऐकानी चीज शे भो, वाचानी नही." आता यांना कोण सांगणार की मला शब्दामागे पैसे मिळतात.

तिकडून मेल, मधला काळा डाग निघत का नाही? मग मात्र सटकली. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये लिहिलंय की याच काळ्या वजनामुळे चामड्यातून तारेसारखे सुरेल स्वर निघतात, ते त्याला सविस्तर कळवलं, आणि वर हेही ऐकवलं की व्हायोलिनच्या पोटातल्या एवढ्याशा काडीला तुम्ही लोक आनिमा म्हणजे आत्मा म्हणता आणि आमची शाई काय तर डाग?

राहिली चुंबळ. बाया डोक्यावर हंडा ठेवायला घेतात तीच, तबल्याच्या बुडाखाली. हिला इटालियनमध्ये काय डोंबल असणार म्हणत डिक्शनऱ्या उपसल्या, तर निघाला की शब्द, चेर्चिने! डोक्यावर ओझं न्यायला कापडाची गुंडाळी, हुबेहूब. मी खुश, बायकोला उठवून सांगितलं, ती परत झोपली.

सकाळी त्याचा मेल. सगळं छान आहे, फक्त हे चेर्चिने म्हणजे काय?

आता त्याला चुंबळीचा फोटो पाठवलाय, हंड्यासकट.