दुसऱ्या सीटचा खर्च कुणी करायचा?

पुण्यात नवले पुलाच्या उतारावर अपघात झाला की आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडतात. नोव्हेंबर 2025 मध्ये ताबा सुटलेल्या कंटेनरने समोरच्या गाड्या चेपल्या, आग लागली, माणसं जळून गेली. तेव्हाही तेच झालं. एका तटाचं म्हणणं, हल्लीच्या पोरांच्या हातात स्टिअरिंग द्यायची सोय राहिलेली नाही, लक्ष सगळं मोबाईलवर. दुसरा तट म्हणतो, जुने ड्रायव्हर तरी कुठे धुतल्या तांदळासारखे? मग कराडचा माझा मामेभाऊ, ज्याच्या दोन गाड्या न्हावा-शेवा लाइनला पळतात, विषय माझ्याकडे ढकलतो. "ताई, तुमच्या कॅनडात शंभर तास ट्रेनिंग केल्याबिगर लायसन देत न्हाईत. हितंबी तसलाच कायदा पायजे."

मी कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात, ब्रॅम्प्टनला एका ट्रकिंग कंपनीत डिस्पॅचला, म्हणजे ड्रायव्हरांना खेपा लावून द्यायच्या कामाला बसते. भावाचं म्हणणं कागदावर बरोबर आहे. ऑन्टॅरिओने 1 जुलै 2017 पासून मोठ्या ट्रेलरच्या, म्हणजे ‘ए’ क्लासच्या लायसन्ससाठी किमान 103.5 तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. असा नियम करणारा हा कॅनडातला पहिला प्रांत. 2019 मध्ये अल्बर्टाने 113 तासांचा नियम केला, सस्कॅचेवानने 121.5 तासांचा. आपल्याकडेही नियम आहेच की. केंद्राच्या नियमावलीत जड वाहनासाठी सहा आठवड्यांत 38 तासांचा अभ्यासक्रम लिहिलेला आहे. तेव्हा भाऊ तासांना तास लावतो आणि कॅनडा जिंकतो.

पण इथल्या पंचवीस-तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसासमोर हा 103.5 चा आकडा काढून बघा, तो हसतो. त्यातले चाकामागचे तास निम्मेच. केस कापणाऱ्याचं काम कॅनडात ‘रेड सील’, म्हणजे देशभर मान्य असलेला कुशल व्यवसाय आहे, त्याला रीतसर उमेदवारी करावी लागते. छत्तीस टन वजन घेऊन बर्फावरून जाणाऱ्याचं काम त्या यादीत नाही. उन्हाळ्यात कोरड्या मैदानावर शिकलेला मुलगा नोव्हेंबरात उत्तर ऑन्टॅरिओच्या हायवे 11 किंवा 17 वर जातो. तिथे लांबच लांब पट्टे दोन पदरी, मध्ये दुभाजक नाही, रात्र लवकर पडते आणि समोरच्या ट्रकने उडवलेल्या बर्फात काही सेकंद काचेपलीकडचं काहीच दिसत नाही. त्या रस्त्यांवरची गावं बाहेरून आलेल्या नव्या ड्रायव्हरांवर चिडून आहेत. त्यांच्या रागात वर्णद्वेष मिसळलेला असतो, हे मी बघितलंय. पण तेवढं बाजूला काढलं तरी भीती उरतेच, आणि ती खोटी नाही.

नव्या मुलाला काय येत नाही, हे यार्डात उभं राहिलं की कळतं. एअर ब्रेकची तपासणी त्याला तोंडपाठ असते. इंजिन बंद, चावी ऑन, पेडल दाबून दाबून हवा उतरवायची, हवेचा दाब 60 पीएसआयच्या आसपास आला की बझर वाजला पाहिजे, काटा आणखी खाली गेला की पार्किंग ब्रेकची बटणं आपोआप बाहेर उडाली पाहिजेत. परीक्षेत हे बोलून दाखवावं लागतं, म्हणून तो ते पाढे म्हटल्यासारखं म्हणतो. ट्रेलर जोडून झाला, पुढे एक हिसका देऊन बघितला, की निघाला. जुना माणूस मात्र खाली उतरतो, टॉर्च घेऊन ट्रेलरखाली वाकतो आणि किंगपिनभोवती, म्हणजे ट्रेलरच्या जोडणीच्या खिळीभोवती, ट्रकचा जबडा पुरता मिटलाय का ते डोळ्यांनी बघतो. हिसक्यावर त्याचा भरवसा नसतो. पिन जबड्यात न शिरता वरच टेकली असली तरी थोडं अंतर ट्रेलर ओढला जातो, आणि मग एखाद्या वळणावर निसटतो. शाळेत हेही शिकवतात. पण पाऊस पडतोय, मागे तीन गाड्या खोळंबल्यात आणि डिस्पॅचवरून माझ्यासारखी कुणी ‘निघालास का’ म्हणून फोन करतेय, अशा वेळीही खाली वाकायची सवय शेजारी बसून कुणीतरी लावावी लागते.

ती शेजारची सीट इथे रिकामी आहे. का, ते विम्याच्या हिशेबात दडलंय. विमा कंपन्या सहसा दोन-तीन वर्षांचा अनुभव मागतात. त्यामुळे ज्या कंपनीत शिकवणारी चार माणसं आहेत, ती नवख्याला दारातूनच परत पाठवते. तो जातो जिथे कुणी काही विचारत नाही तिथे. ‘ड्रायव्हर इन्क’ या नावाने हा प्रकार इथे बदनाम आहे. ड्रायव्हरला कामगार म्हणून दाखवायचंच नाही, त्याला स्वतःच्या नावाची कंपनी काढायला लावायची, की सुट्टीचा पगार, ओव्हरटाइम, सगळं वाचलं. शिकवायचा प्रश्न तर येतच नाही. ज्याला शिकायची सर्वांत जास्त गरज, तो नेमका शिकवायला कुणी नसलेल्या जागी जाऊन पडतो. आणि कायद्याच्या पालनाचं म्हणाल, तर 2019 मध्ये ऑन्टॅरिओच्याच महालेखापरीक्षकांनी दाखवून दिलं होतं की ज्या कंपन्यांना आपल्या ड्रायव्हरची परीक्षा आपणच घ्यायची मुभा आहे, तिथे 95 टक्के पास होतात आणि सरकारी केंद्रांवर 69 टक्के.

एक गंमत सांगते, गंमत म्हणायची तर. नव्या पोरांना सर्वांत जास्त शिव्या घालणारे आमच्याकडचे लोक गोरे नाहीत. ते नव्वदच्या दशकात आलेले पंजाबी ड्रायव्हर आहेत. "ये स्टूडंट लोग" असं म्हणून ते जे बोलतात, ते तीस वर्षांपूर्वी गोरे ड्रायव्हर त्यांच्याबद्दल बोलायचे: यांना रस्ता कळत नाही, हे कमी पैशात काम करून भाव पाडतात. यातलं दुसरं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इथली मराठी मंडळी या सगळ्यापासून अंग चोरून असतात. गणपतीच्या जेवणावळीत ट्रकचा विषय निघाला की ‘ते लोक’ असा शब्द येतो, आणि तो वापरणाऱ्याच्या घरचं झाडून सगळं सामान ट्रकनेच आलेलं असतं.

कॅनडात हा वाद ज्या तारखेनंतर पेटला ती 6 एप्रिल 2018. सस्कॅचेवानमधल्या एका चौकात ट्रकचालकाने थांब्याची खूण ओलांडली आणि हम्बोल्ट ब्रॉन्कोस या आइस हॉकी संघाची बस त्या दुहेरी ट्रेलरवर आदळली. 16 जण गेले, 13 जखमी झाले. चालक कंपनीत लागून तीन आठवडे झाले होते. त्यातले दोन मालकासोबत, मग एकटा. ट्रेलरवरची ताडपत्री फडफडत होती आणि त्याचं लक्ष आरशात, तिच्याकडे होतं. त्याने गुन्हा कबूल केला, आठ वर्षांची शिक्षा झाली. कंपनीच्या मालकाला झाला पाच हजार डॉलर दंड.

आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या ड्रायव्हरला ही हकिकत सांगितली तर तो ताडपत्रीपाशीच अडेल. ताडपत्री सुटली तर क्लीनर काय करत होता, असं विचारेल. गाडी बाजूला घ्यायची, पोराला वर चढवायचं, दोरी आवळायची, निघायचं. आपल्याकडे ड्रायव्हर घडवायची शाळा हीच होती. पोरगं टायर ठोकून हवा ओळखायला शिकायचं, घाटात चाकाखाली दगड लावायला उतरायचं, मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडायचं आणि तीन-चार वर्षांनी रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर उस्ताद त्याला स्टिअरिंगवर बसवायचा. त्यात पिळवणूक होती, मार होता, पोरं वयाने लहान असायची. तो काळ परत यावा असं मी म्हणणार नाही. पण शेजारी माणूस होता. पुढे डिझेल वाढलं, भाडं वाढलं नाही आणि मालकांनी आधी क्लीनर कमी केला. नॅशनल परमिटच्या, म्हणजे देशभर चालणाऱ्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत असा केंद्राचा नियम होता. तो पाळला किती जात होता हे सोडून द्या, 2018 मध्ये नियमच काढून टाकला. म्हणजे एकीकडे देशात 22 लाख ड्रायव्हर कमी आहेत असं नितीन गडकरी सांगतात, आणि दुसरीकडे ड्रायव्हर जिथे तयार व्हायचा ती सीट आपण वाचवलेल्या खर्चात जमा धरली.

याचा अर्थ जुने म्हणतील ते सगळं सोनं, असा होत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे जो लांब उतार आहे, तिथे गाडी न्यूट्रलला टाकून सोडायची विद्या पोरांनी इन्स्टाग्रामवर शिकलेली नाही. ती उस्तादानेच दिली. खेपेला ठरावीक डिझेल मिळतं, वाचेल ते ड्रायव्हरचं, म्हणून उतारावर गिअर काढायचा. मग सगळं वजन ब्रेकवर येतं, ड्रम तापतात आणि ऐन वेळी पेडल दाबून काही होत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये याच उतारावर एका अवजड गाडीने 48 गाड्यांचा चुराडा केला होता. विशेष म्हणजे आता यात डिझेलही वाचत नाही. इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की डिझेलचा पुरवठा बंदच होतो, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला ते लागतं. बीएस-6 गाडीवर बसलेला जुना माणूस चाळीस वर्षांपूर्वीच्या इंजिनाचं शहाणपण पुढे देत असेल, तर इथे नव्याने जुन्याला शिकवायची गरज आहे. इकडेही तेच. कागदी लॉगबुक होतं तेव्हा किती जुन्यांनी कायद्यातल्या तेरा तासांच्या जागी सोळा तास गाडी मारली आणि वहीत झोप लिहिली, हे ते दोन पेग झाले की स्वतःच सांगतात. जानेवारी 2023 पासून इलेक्ट्रॉनिक नोंदीची काटेकोर अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा सर्वांत मोठी बोंब त्यांचीच होती.

म्हणून नवे विरुद्ध जुने हे भांडण मला फसवं वाटतं. दोघांनाही एकमेकांकडून शिकण्यासारखं आहे आणि दोघांनाही त्यासाठी लागणारा वेळ कुणी विकत घेऊन देत नाही. जानेवारी 2024 मध्ये भारतीय न्याय संहितेतल्या, अपघात करून पळून जाण्याबद्दलच्या कलम 106(2) वरून ड्रायव्हरांनी चक्का जाम केला, महाराष्ट्रात पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळे म्हणत होते, दहा वर्षांची शिक्षा हवीच, त्याशिवाय हे सुधारणार नाहीत. अपघात करून पळून जाणाऱ्याला शिक्षा हवी, माझंही तेच मत. फक्त हम्बोल्टचा निकाल समोर ठेवा. आठ वर्षं आणि पाच हजार डॉलर. इतक्या पुढारलेल्या म्हणवणाऱ्या देशातही जबाबदारी केबिनच्या वर चढली नाही.

भावाला मी हे सांगितलं तर तो वैतागला. "क्लीनरचा पगार कुठनं आणू? भाडं ठरवणारा एसीत बसलाय, त्यो म्हंतो तू नको म्हण, रांगेत धा जण हायेत." खरं आहे, आणि एकट्या दोन गाड्यांच्या मालकाकडून ही अपेक्षा करणं अन्याय आहे. म्हणूनच प्रशिक्षणाचे तास 38 वरून 103 केले की झालं, असं मी त्याला म्हणू देत नाही. ते तास पोरगा कर्ज काढून भरेल, शाळेवाला सही-शिक्का देईल आणि गाडीत तो एकटाच बसेल, जसा इथे बसतो. मागायचंच असेल तर लायसन्सनंतरचं पहिलं वर्ष जाणत्या माणसासोबत चालवायची सक्ती मागा, आणि ते वर्ष विम्याच्या हप्त्यात आणि भाड्याच्या दरात धरायला लावा. ते फुकट होणार नाही, वाहतूक महाग होईल, कांद्यापासून मोबाईलपर्यंत सगळ्याचा दर थोडा चढेल. ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा करायचा म्हटलं तेव्हाही खर्चाची हीच ओरड होती, तरी ऑक्टोबर 2025 पासून नव्या गाड्यांना तो नियम लागला.

आणि नवले पुलावर पुढचा अपघात होईल, तेव्हा चौकशी करणाऱ्याने ड्रायव्हरचं रक्त तपासल्यावर आणखी तीन कागद मागवावेत: त्याचे पहिले सहा महिने शेजारी कोण होतं, खेपेला डिझेल किती ठरवून दिलं होतं आणि माल पोचवायची वेळ कुठल्या कंपनीने किती तासांची लावली होती. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, त्या कंपनीचं नाव असतंच.