फिरत्या पॅनेलची वर्तुळे, तारा आणि खटका

घरी बनवलेल्या आर्केड कॅबिनेटसाठी (जुने व्हिडिओ गेम खेळण्याचे उभे यंत्र) खेळानुसार हवी ती बाजू वर आणता येणारे, तीन बाजूंचे फिरते कंट्रोल पॅनेल कसे आखले, यावरच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना मूळ आराखडा शेजारी उघडून ठेवला होता. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. पॅनेल फिरवताना तारा पिळल्या जाऊन काही महिन्यांत तुटतील. फिरणाऱ्या खोक्याचे वर्तुळ मी चुकीचे काढले आहे, त्यामुळे जॉयस्टिक अडकेल आणि पुढच्या फटीत लहान मुलाचे बोट सापडेल. शिवाय हा सगळा खटाटोप दिखाऊ आहे, कारण एकाच मोठ्या पॅनेलवर सर्व काही बसवता येते आणि जॉयस्टिक चार दिशांची हवी की आठ दिशांची हा प्रश्न सॉफ्टवेअर सोडवते. त्यातूनही भागले नाही तर काढता-घालता येणारी सुटी पॅनेले बरी. यांपैकी वर्तुळाच्या बाबतीत आपण बऱ्याच अंशी बरोबर आहात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

माझ्या पॅनेलची प्रत्येक बाजू २३ सेंमी खोल आहे आणि तिन्ही बाजू मिळून समभुज त्रिकोण होतो. अशा त्रिकोणाचा मध्य प्रत्येक बाजूपासून ६.६ सेंमी आणि प्रत्येक कोपऱ्यापासून १३.३ सेंमी अंतरावर येतो, म्हणजे कोपरे फिरताना सुमारे २७ सेंमी व्यासाचे वर्तुळ व्यापतात. लेखात मी एवढेच वर्तुळ काढले होते आणि पॅनेलच्या वर ६ सेंमी उभी राहणारी जॉयस्टिक त्यात धरलीच नव्हती. आपली टीका वाचल्यावर ती धरून पाहिली. बाजूच्या मधल्या रेषेवर बसवलेल्या जॉयस्टिकचे टोक आसापासून १२.६ सेंमीवर येते आणि ती मधल्या रेषेपासून सुमारे ४ सेंमी पुढे-मागे सरकवली तरी कोपऱ्यांच्या वर्तुळातच राहते. तेव्हा माझे खोके अडकत नाही. पण ते अडकत नाही यात माझी हुशारी नसून त्रिकोणाची कृपा आहे, हे कबूल केले पाहिजे.

खरी चूक लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. ‘याच पद्धतीने चौथी बाजूही सहज वाढवता येईल’ असे मी तिथे लिहिले होते. चौकोन घेतला तर मध्यापासून बाजूचे अंतर ११.५ सेंमी आणि कोपऱ्याचे १६.३ सेंमी होते. जॉयस्टिकचे टोक मात्र १७.५ सेंमीवर जाते. म्हणजे चौकोनात कोपरा सुखरूप निघून जातो आणि त्याच्या मागून येणारी जॉयस्टिक चौकटीवर आदळते. ती सुटावी म्हणून ३५ सेंमीहून मोठी पोकळी ठेवली, तर स्क्रीन मागे सरकवावी लागते आणि खेळणारा तिच्यापासून दूर जातो. ‘सहज’ हा शब्द मी काढला आहे आणि त्याच्यासोबत ते पूर्ण वाक्यही.

बोट सापडण्याबाबतही आपली भीती रास्त आहे. पॅनेल आडवे असताना त्याची पुढची कड आसाच्या पुढे, आडव्या अंतरात मोजली तर, ११.५ सेंमीवर असते, पण फिरताना कोपरा १३.३ सेंमीपर्यंत बाहेर येतो. त्यामुळे समोर सरळ उभी फळी लावली की २ सेंमीहून अधिक फट उरते. त्या फटीकडे दोन्ही दिशांनी धोका येतो. कड खाली फिरवली तर कडेवर ठेवलेले बोट आत ओढले जाते, आणि कड वर फिरवली तर आतला कोपरा खालून येऊन फळीवर टेकवलेले बोट चेपतो. समोरची फळी सरळ न ठेवता वर्तुळाला समांतर वक्र केली आणि तिची वरची कड पॅनेलच्या पातळीपर्यंत आणली, तर फट ४ मिमीवर येते. मी ६ मिमी जाडीच्या प्लायवुडला आतून दर १ सेंमीवर करवतीच्या उथळ खाचा पाडून ते वाकवले आणि वरच्या कडेला रबरी पट्टी लावली. मोटर लावण्याचा विचार त्याच दिवशी सोडून दिला. माणसाचा हात अडथळा जाणवला की थांबतो. मोटरला ते शिकवावे लागते.

आता तारांविषयी. आपण ज्या चित्रावरून आक्षेप घेतला आहे, त्यात प्रत्येक बटणाची तार खोक्यातून बाहेर येऊन कॅबिनेटच्या तळाशी असलेल्या एन्कोडर बोर्डाला (बटणे दाबल्याचे संगणकाला कळवणारा बोर्ड) जोडलेली आहे असे वाटू शकते. तसे केले तर आपले भाकीत नक्की खरे ठरेल. दोन खेळाडूंच्या बाजूवर प्रत्येकी चार दिशा आणि सहा बटणे मिळून २० जोडण्या होतात, त्यात प्रत्येक स्विचची सामाईक ऋण तार वेगळी, आणि एवढा जुडगा रोज पिळला गेला तर सोल्डरचे सांधे टिकणार नाहीत. म्हणून एन्कोडर बोर्ड आणि छोटा यूएसबी हब हे दोन्ही फिरणाऱ्या खोक्याच्या आतच बसवले आहेत. बाहेर येते ती एकच यूएसबी केबल, आणि तीही डाव्या टोकाच्या पोकळ नळीतून, म्हणजे थेट आसावरून. खोके पूर्ण गोल फिरू नये म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी अडसर आहे. मधली बाजू वर असताना केबल सरळ असते. तिथून ते एका दिशेला १२० अंश आणि दुसऱ्या दिशेला १२० अंश इतकेच फिरते. ४० सेंमीचा सैल वेढा एवढा पीळ पोटात घालतो, त्यासाठी स्लिप रिंग नावाचे, फिरत्या भागाशी वीजजोडणी टिकवणारे महागडे प्रकरण लागत नाही. नाणे टाकण्याचे आणि खेळ सुरू करण्याचे बटण मात्र न फिरणाऱ्या पट्टीवर ठेवावे, कारण ते प्रत्येक खेळाला लागतेच.

इथे एक गोष्ट लेखात राहून गेली होती. ट्रॅकबॉलची (तळहाताने फिरवायच्या चेंडूची) बाजू खाली जाते तेव्हा चेंडू वरच्या कड्यात अडकून राहतो, पडत नाही. पण फिरवताना तो आपोआप घरंगळतो आणि संगणकाला वाटते की कोणीतरी माउस हलवत आहे. मेनूमध्ये निवडलेला खेळ सुटून भलताच खेळ सुरू झाला, तेव्हा हे माझ्या लक्षात आले. ती बाजू वर असेल तेव्हाच दाबला जाणारा एक मायक्रोस्विच खोक्याच्या टोकाला लावून ट्रॅकबॉलच्या प्रकाशसंवेदकांचा ५ व्होल्टचा पुरवठा त्यातून नेला आणि ती भुताटकी थांबली.

तारांऐवजी आपण खटक्यावर बोट ठेवले असते, तर मला उत्तर देणे जड गेले असते. पॅनेल जागेवर धरून ठेवण्यासाठी मी सुरुवातीला एकच खटका लावला होता: ८ मिमीची पिन, ८.५ मिमीचे छिद्र, आसापासून ४ सेंमी अंतरावर, आणि फक्त डाव्या टोकाला. अर्धा मिलिमीटर ढिलाई कागदावर नगण्य वाटते. प्रत्यक्षात पॅनेलची पुढची कड आसापासून आडव्या अंतरात ११.५ सेंमी दूर असल्यामुळे तिथे ती जवळजवळ दीड मिलिमीटर होते, आणि मारामारीचा खेळ खेळताना मनगट टेकवले की प्रत्येक फटक्याला ‘टक्’ असा आवाज येऊन पॅनेल डुगडुगते. भाराचेही तेच. कडेवर १० किलोचे वजन पडले तर ४ सेंमीवरच्या पिनेला जवळपास २९ किलोचा भार सोसावा लागतो, आणि उजवे टोक मोकळे असल्यामुळे ६६ सेंमी लांबीचे खोके पिळले जाते ते वेगळेच. तीन आठवड्यांत छिद्र लंबगोल झाले.

आता दोन्ही टोकांना एकेक पिन आहे आणि ती आसाजवळ नसून कोपऱ्याजवळ, १२ सेंमीवर आहे. तिथे तेवढ्याच वजनाचा भार १० किलोच्या आत राहतो. पिनेचे टोक निमुळते आहे आणि छिद्रात त्याच उताराची पितळी बाही बसवली आहे, त्यामुळे स्प्रिंग तिला पाचरीसारखी आत दाबून ठेवते आणि झीज झाली तरी ढिलाई उरत नाही. दोन्ही पिना सायकलच्या ब्रेकच्या केबलने एका दांडीला जोडल्या आहेत. डाव्या हाताने दांडी ओढायची आणि उजव्या हाताने कॅबिनेटच्या बाहेर असलेले चाक फिरवायचे. त्यामुळे फिरवणाऱ्याचे दोन्ही हात त्या फटीपासून आपोआप दूर राहतात.

तोलाविषयी दोनच वाक्ये लिहितो. ट्रॅकबॉलची बाजू इतर दोन बाजूंपेक्षा जड असते आणि खटका सोडताच ती खाली धाव घेते, म्हणून तिच्या समोरच्या कोपऱ्यात, म्हणजे इतर दोन बाजू जिथे मिळतात तिथे, आतून लोखंडी पट्टी ठोकावी. कोणत्याही कोनात सोडल्यावर खोके तिथेच थांबले की वजन जुळले.

राहिला दिखाऊपणाचा आरोप, आणि त्याच्याशी मी सहमत नाही. सॉफ्टवेअर चार दिशांचा प्रश्न सोडवते हे आपले विधान अर्धे खरे आहे. मेमला (जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणारे सॉफ्टवेअर) हा खेळ चार दिशांचा आहे हे ठाऊक असते आणि आठ दिशांच्या जॉयस्टिकवर दोन स्विच एकदम दाबले गेले तर ते त्यांतली एक दिशा निवडते. पण १९८०च्या पॅकमॅनमध्ये वळण येण्याच्या किंचित आधी दिशा दिली तर पॅकमॅन कोपरा कापून वळतो, भुतांना तसे वळता येत नाही, आणि पाठलागातून सुटण्याचे निम्मे कसब त्या क्षणावर उभे आहे. चार दिशांच्या जॉयस्टिकखाली असलेली मर्यादापट्टी हाताला तिरके जाऊच देत नाही. दांडी भिंतीला लागली हे बोटांना कळते आणि पुढची दिशा बेधडक देता येते. सॉफ्टवेअर फक्त कोणता स्विच दाबला गेला ते पाहते. हाताला भिंत देणे त्याच्या आवाक्यात नाही. मर्यादापट्टी फिरवून चार आणि आठ दिशांमध्ये बदलता येणाऱ्या जॉयस्टिक मिळतात, हे मी मान्य करतो, आणि केवळ तेवढाच प्रश्न असता तर मी एक बाजू वाचवली असती.

प्रश्न जागेचाही आहे. पॅकमॅनच्या मूळ यंत्रावर जॉयस्टिक मधोमध होती आणि खेळताना दाबायचे एकही बटण नव्हते, म्हणून डावखुरा माणूसही तितक्याच आरामात खेळत असे. १९७९च्या ॲस्टरॉइड्सला जॉयस्टिकच नाही, पाच बटणे आहेत. १९८१च्या टेम्पेस्टला स्पिनर, म्हणजे गोल फिरवायची मूठ, लागतो, मिसाइल कमांडला ट्रॅकबॉल, तर १९९१च्या स्ट्रीट फायटर टूला प्रत्येक खेळाडूसाठी सहा बटणे लागतात. हे सर्व एका फळीवर मांडले की सर्वांत जास्त बटणे असलेला खेळ पुढची जागा बळकावतो, ट्रॅकबॉल मागे ढकलला जातो आणि क्षेपणास्त्रे अडवण्यासाठी तळहात जोरात फिरवला की मनगट कोणाच्या तरी ठोसा मारण्याच्या बटणांवर आपटते. अशा फळीवर मी वर्षभर खेळलो आहे. तिच्यावर सर्व खेळ चालतात, पण मधोमध, स्क्रीनच्या बरोबर खाली, हात जिथे आपोआप जातो ती जागा एकाच खेळाला मिळते. फिरत्या खोक्याची मी एकच कसोटी मानतो: वर आलेली बाजू जणू त्या एका खेळासाठीच बनवली आहे असे हाताला वाटले पाहिजे. जुन्या खटक्यासकट माझे खोके त्या कसोटीला उतरत नव्हते, हे वर लिहिलेच आहे.

सुट्या पॅनेलांची आपली सूचना मात्र मला या फळीपेक्षा कितीतरी पटली. त्यांत आसाची, वर्तुळाची, तोलाची कटकट नाही. प्रत्येक पॅनेल हवे तेवढे खोल करता येते, आणि ७.६ सेंमी व्यासाच्या ट्रॅकबॉलसाठी मला जी कसरत करावी लागली ती टळते. माझ्या खोक्यात आरपार दांडा घातला असता तर तो नेमका चेंडूच्या पेटीतून गेला असता, म्हणून दोन टोकांना दोन आखूड नळ्या वेगवेगळ्या बसवाव्या लागल्या आणि त्या एका रेषेत आणण्यात एक अख्खा रविवार गेला. मी तरीही फिरते खोके निवडले ते माझ्या आळसामुळे. वापरात नसलेली पॅनेले कपाटामागे उभी केली की तिथेच राहतात, आणि ‘आता कोण उठून बदलणार’ म्हणत तेच ते खेळ खेळले जातात. तीन प्रकारांपुढे गेलो तर हा युक्तिवाद चालणार नाही. १९८२च्या रोबोट्रॉनच्या शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन जॉयस्टिकसाठी किंवा सुकाणूसाठी मला जागा करावी लागली, तर चौकोनाचे गणित वर मांडले आहे तेच राहील आणि मी आपल्या पद्धतीकडे वळेन. त्यासाठी आपण सुट्या पॅनेलांना कोणता कनेक्टर वापरता आणि वारंवार काढल्या-घातल्याने त्याच्या पिना किती दिवसांत सैल होतात, हे सविस्तर लिहिलेत तर उपयोग होईल. सुधारलेली आकृती, जॉयस्टिकच्या टोकांच्या वर्तुळासह, मूळ लेखात लावली आहे.