आरसीसह भाव, आरसीविना भाव

आमची होंडा जॅझ गाडी न्यायला टोइंगचा ट्रक आला तेव्हा डिकीत मैत्रिणीचा पितळी सोऱ्या होता. दिवाळीच्या चकल्या झाल्या, परत द्यायचा म्हणून तो आठवडाभर गाडीतच फिरत होता. रात्री घरासमोर उभ्या गाडीला एका व्हॅनने मागून असं दाबलं होतं की डिकीचं दारच उघडेना. शेवटी मागची सीट पाडून अर्धी आत शिरले आणि सोऱ्या ओढून काढला. गालिचा सरकला तेव्हा खालचा पत्रा दिसला. ओल्या फडक्याला घडी पडावी तशी त्याला आडवी घडी पडली होती.

मी इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये राहते. गाडी 2012 ची, 68,000 मैल चाललेली, दर वर्षीच्या सर्व्हिसिंगचे शिक्के असलेली. विमा कंपनीच्या इंजिनिअरने गाडीला हातही लावला नाही, आम्हीच पाठवलेले फोटो पाहिले. चौथ्या दिवशी फोन आला की दुरुस्ती परवडणार नाही, गाडी राइट-ऑफ, म्हणजे निकालात, वर्ग ‘एस’ (हे वर्ग पुढे सांगते), आणि 3,900 पौंड देतो. सोबत हेही कळलं की बदली म्हणून दिलेली गाडी आठवड्याभरात परत करायची. वर्षाचा हप्ता आम्ही महिन्या-महिन्याने भरत होतो. त्याची उरलेली रक्कम या पैशांतून कापली जाणार होती, कारण क्लेम झाला की पूर्ण वर्षाचा प्रीमियम देणं लागतो.

हे मी आमच्या माहेरच्या ग्रुपवर लिहिलं, तर दहा मिनिटांत उत्तरं आली. ‘तिकडे निदान चार दिवसांत निकाल लागतो.’ ‘आपल्याकडच्या कंपन्या म्हणजे लुटारू, आयडीव्ही म्हणजे लूट.’ ग्रुपवर हा विषय कायमचा आहे आणि त्याला कारणही आहे. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्यात मामेभावाची गाडी छतापर्यंत बुडाली. त्याला मिळालेल्या रकमेचा हिशोब आमच्याकडे अजून निघतो. परदेशात सगळं सरळ असतं आणि आपल्याकडे सगळं वाकडं, हे त्या वादाचं ठरलेलं शेवटचं वाक्य. मला ते पटत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आपल्याकडे जे चांगलं आहे त्यालाच आपण शिव्या देतो, आणि जे खरोखर घातक आहे त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आधी आयडीव्ही. भारतात गाडीची पॉलिसी घेतानाच तिची विम्यापुरती किंमत, म्हणजे आयडीव्ही, कागदावर छापलेली असते. हिशोब सर्वांना माहीत आहे. त्याच मॉडेलची यादीतली किंमत घ्यायची आणि वयाप्रमाणे घसारा कापायचा. गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर 20 टक्के, तीन ते चार वर्षांची असेल तर 40, पाचव्या वर्षात 50. पाच वर्षांनंतर कंपनी आणि गाडीमालक यांच्या संमतीने आकडा ठरतो. दुरुस्तीचा खर्च या आयडीव्हीच्या 75 टक्क्यांपलीकडे गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली, धरायची. मामेभावाच्या पॉलिसीवर आकडा होता 3,60,000. त्याच्या गाडीला बाजारात तेव्हा पाच लाख आले असते हे खरं. पण ऑनलाइन रिन्यू करताना प्रीमियम हजारेक रुपयांनी उतरावा म्हणून आयडीव्हीची पट्टी त्यानेच डावीकडे ओढली होती. हे तो स्वतःच सांगतो. आपल्यापैकी किती जणांनी हेच केलं असेल!

इथे तसा आकडाच नसतो. माझ्या पॉलिसीवर लिहिलं होतं, ‘अपघाताच्या आधीच्या क्षणी गाडीची जी बाजारभावाने किंमत असेल ती.’ वाचायला न्याय्य वाटतं. पण बाजारभाव कोण ठरवणार? कंपनी ठरवते, अपघातानंतर, जेव्हा तुमच्याकडे गाडी नसते, मुलाला शाळेत सोडायची घाई असते आणि बदली गाडीची मुदत संपत आलेली असते. किती टक्के नुकसानीला राइट-ऑफ म्हणायचं याचीही कायद्याने आखलेली रेघ नाही, प्रत्येक कंपनीचा आपला आडाखा. पहिला आकडा मुद्दाम कमी सांगायचा आणि माणूस गरजेपोटी हो म्हणतो का ते पाहायचं, ही तक्रार इथे इतकी वाढली की डिसेंबर 2022 मध्ये एफसीएने, म्हणजे इथल्या वित्तीय नियामकाने, क्लेममधल्या गाड्यांची किंमत कमी लावू नका, अशी उघड ताकीद विमा कंपन्यांना दिली. माझं प्रकरण त्यानंतर वर्षभराने घडलं, तरी पहिला आकडा 3,900 च होता.

मी हो म्हटलं नाही. दोन संध्याकाळी बसून त्याच वर्षाच्या, साधारण तेवढ्याच मैलांच्या पाच जॅझच्या जाहिराती गोळा केल्या. सर्व्हिस बुकाचे फोटो, सप्टेंबरात घातलेल्या दोन टायरांची पावती, ताजी एमओटी, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीचा दाखला, असं सगळं एका मेलमध्ये पाठवलं. त्यात एक वाक्य असं लिहिलं की जुन्या गाड्यांचे भाव देणाऱ्या कोणत्या किंमत-पुस्तिकांवरून तुम्ही हा आकडा काढला आणि प्रत्येकीत किती किंमत दिली आहे ते कळवा. त्या वाक्याने काम केलं असं मला वाटतं. तक्रार ओम्बुड्समनकडे, म्हणजे इथल्या तक्रार-लोकपालाकडे, गेली तर तो याच पुस्तिका पाहतो आणि त्यातल्या चढ्या आकड्याकडे झुकतो, हे कंपन्यांना माहीत असतं. नऊ दिवसांनी 4,750 आले. 850 पौंडांचा फरक, आणि तो भांडणाऱ्यालाच मिळाला. आमच्या गल्लीतल्या ऐंशीच्या आजींची गाडी अशी गेली असती तर त्यांनी पाच जाहिराती कुठून काढल्या असत्या?

म्हणून मला आयडीव्ही आवडतो. तो कमी असेल तर पॉलिसी घेताना भांडा, तेव्हा तुम्ही गिऱ्हाईक असता आणि दुसरी कंपनी दारात उभी असते. पुराच्या चिखलात उभं राहून किंमतीवर घासाघीस करायची पाळी तो येऊ देत नाही. मामेभावाला आकडा कमी मिळाला, पण आकड्यावरून त्याला एक फोनही करावा लागला नाही.

दाद मागायच्या बाबतीत दोन्हीकडे फारसं अंतर नाही. इथे कंपनीला आठ आठवडे द्यायचे, मग ओम्बुड्समन. आपल्याकडे एक महिना वाट पाहून विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात त्याची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही आणि निकाल कंपनीला पाळावाच लागतो. आमच्या ग्रुपवर बत्तीस माणसं आहेत, त्यांतल्या एकानेही लोकपालाचं नाव ऐकलेलं नव्हतं.

आता जे घातक आहे त्याकडे येते.

इथल्या राइट-ऑफला वर्ग असतात. 1 ऑक्टोबर 2017 पासून ते चार आहेत. ‘ए’ म्हणजे गाडी अख्खी चिरडायची, तिचा आरसासुद्धा विकायचा नाही. ‘बी’ म्हणजे सुटे भाग काढा, पण सांगाडा चिरडा. ‘एस’ म्हणजे सांगाड्याला मार बसला आहे, दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणता येईल. ‘एन’ म्हणजे सांगाडा शाबूत. माझ्या गाडीच्या तळाला घडी होती म्हणून ‘एस’. तो शिक्का लॉगबुकवर, म्हणजे इथल्या आरसीवर, गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, चढतो आणि गाडी दहा हातांतून फिरली तरी पुसत नाही. विमा कंपन्यांच्या सामाईक नोंदवहीतही तो राहतो, आणि गाडी घेण्याआधी थोडे पौंड भरून कुणालाही बघता येतो. ही पद्धतही पोकळ आहे एका ठिकाणी. ‘एस’ गाडी नीट सांधली आहे का, हे रस्त्यावर यायच्या आधी तपासण्याची वेगळी सक्ती नाही, नेहमीची वार्षिक एमओटी तेवढी. पण घेणाऱ्याला निदान कळतं की आपण काय घेतो आहोत.

चिपळूणला काय झालं ते सांगते. सर्व्हेअरने गाडी टोटल लॉस ठरवली आणि भंगार घेणाऱ्यांकडून भाव मागवले. प्रत्येकाने दोन भाव दिले, आरसीसह आणि आरसीविना. ही या धंद्यातली रोजची भाषा आहे. सगळ्यात चढे भाव होते आरसीसह 1,10,000 आणि आरसीविना 45,000. कंपनीने सॅल्व्हेज, म्हणजे ती बुडालेली गाडी, मालकाकडेच ठेवून हिशोब केला. आयडीव्हीतून 1,10,000 वजा, क्लेममध्ये मालकाने सोसायचे सक्तीचे 1,000 वजा, बाकीचे 2,49,000 बँकेत. 1,10,000 भंगारवाल्याने दिले. पुराने दुकान गेलेलं, घरात गाळ, भावाने गाडीबरोबर आरसी दिली, मालकी बदलण्याच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या करून दिल्या. घेणाऱ्याचं नाव, तारीख, सगळं कोरं.

लोखंड तेच, सीट त्याच, इंजिनात चिखलही तोच. मग आरसीच्या एका कार्डाला 65,000 रुपये कशाचे मिळतात? कुणी चिखलातली गाडी वाळवून, वायरिंग जोडून, पुराचा शब्दही न काढता विकतो. कुणी त्याच मॉडेलची चोरीची गाडी आणून तिच्यावर या गाडीचा चॅसिस नंबर, म्हणजे सांगाड्यावर कोरलेला नंबर, चढवतो आणि कागद मात्र खरे दाखवतो. प्रत्येक भंगारवाला असं करत नाही, सुट्या भागांवर प्रामाणिकपणे पोट भरणारे पुष्कळ आहेत. पण आरसीविना भाव हा सुट्या भागांचा भाव आहे, आणि त्याच्या वरचा पैसा हा कागद जिवंत ठेवण्याचा आहे. तो कागद मरायला हवा किंवा त्याच्यावर शिक्का तरी बसायला हवा.

कायदा नाही असंही नाही. मोटार वाहन कायद्याचं 1988 सालचं कलम 55 सांगतं की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने 14 दिवसांत कळवून आरसी परत करायची. पण टोटल लॉस म्हणजे कायमची निकामी का, हा प्रश्न मोकळा राहतो आणि त्याचं उत्तर भाव ठरवतो. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते, पीयूसी दिसते. गाडी कधी टोटल लॉस झाली होती का, ते दिसत नाही. कंपनीकडे ती माहिती पक्की असते, पैसे तिनेच मोजलेले असतात. ती एका ओळीने आरसीच्या नोंदीत चढवायची, एवढंच माझं मागणं आहे. सेकंडहँड गाडी घेणारा माणूस आयुष्यभराची बचत घालतो. त्यात पोरं बसवून तो देवदर्शनाला निघतो आणि एअरबॅगच्या वायरी पुराच्या पाण्यात भिजून निघाल्या आहेत हे त्याला ठाऊक नसतं.

आठ महिन्यांनी मी इथल्या सरकारी साइटवर आमच्या जॅझचा नंबर टाकला. एमओटीचा इतिहास कुणालाही फुकट बघता येतो. ती पास झाली होती, 68,900 मैल, मागच्या डाव्या टायरबद्दल सूचना. कुणीतरी ती सांधली होती आणि तिच्या लॉगबुकावर ‘एस’ होता. मला बरं वाटलं.

भावाच्या गाडीची बातमी दोन वर्षांनी आली. त्याच्या मोबाइलवर पुणे जिल्ह्यातल्या एका रस्त्यावरचं वेगमर्यादेचं चलन आलं, फोटोत त्याचाच नंबर आणि वेगळ्याच रंगाची गाडी. त्याने मला व्हिडिओ कॉल केला. ‘ताई, अपघात झाला तर नाव माझंच लागेल ना?’ मी काय सांगणार! दुसऱ्या दिवशी तो परिवहन कार्यालयात नोंदणी रद्द करण्याचा अर्ज घेऊन गेला. खिडकीवर अर्ज वाचून झाल्यावर त्याला सांगितलं की चॅसिस नंबरचा कापलेला तुकडा आणा, मग बघू.