चार होत्या, तीनच उरल्या

काल भाचीने विचारलं, "मावशी, तू माझ्याएवढी असताना काय ऐकायचीस?" मी म्हटलं, चीता गर्ल्स, अमेरिकेतल्या मुलींचा गाण्याचा ग्रुप. तिने मोबाइलवर शोधलं, जेमतेम दोन मिनिटं बघितलं आणि निकाल दिला, "ई, हे तर सगळं बनवलेलंय." (बाईसाहेबांच्या खोलीत चारही भिंतींवर कोरियन पोरंपोरी चिकटवलेल्या आहेत, हे नोंदवून ठेवते.)

बनवलेलं होतंच. डेबोरा ग्रेगरीच्या किशोरवयीन पुस्तकांवरून डिस्ने चॅनलने 2003 मध्ये टीव्हीसाठी त्याच नावाचा सिनेमा काढला. निर्मात्यांमध्ये चक्क गायिका व्हिटनी ह्यूस्टन. रेव्हन-सिमोने त्याच चॅनलच्या मालिकेमुळे घराघरात पोचलेली, एड्रियन बायलॉन आणि कीली विल्यम्स दुसऱ्या एका गर्ल ग्रुपमधून आलेल्या, सब्रिना ब्रायन नाचणारी. अशी चौघींची मोट बांधली. गंमत म्हणजे त्या सिनेमाची गोष्टच मुळी बनवाबनवीच्या विरोधात आहे! न्यूयॉर्कच्या चार शाळकरी मैत्रिणींना एक बडा निर्माता भेटतो. दुसऱ्याच गाण्यावर ओठ हलवा, तुम्ही दिसायचं कसं ते आम्ही ठरवू, असा त्याचा बेत असतो. पोरी त्याला नकार देतात. आणि हा नकार आपल्यापर्यंत कोण पोचवतं? पुस्तकापासून बाहुलीपर्यंत सगळं विकणारं चॅनल.

तरी मला ते खोटं वाटलं नाही, आजही वाटत नाही. आपल्याकडे बालनाट्यातली मुलं कुणीतरी निवडूनच आणलेली असतात की. मालिकेतल्या सासूसुना काय एका घरात राहतात? कुणीतरी जमवलेल्या माणसांनी मनापासून काम केलं, तर मला पुरे. त्या मुली खरंच गात होत्या, घामाघूम होऊन नाचत होत्या. शिवाय चौघी वेगवेगळ्या रंगाच्या, वेगवेगळ्या घरांतल्या. एक तर सख्ख्या आईबापांविना, पालक घरात वाढणारी. गोऱ्या, सोनेरी केसांच्या नायिकांच्या त्या रांगेत आमच्यासारख्या सावळ्या मुलींना जरा हायसं वाटलं होतं.

माझं भांडण वेगळंच आहे. गाण्यांचा अल्बम अमेरिकेत वीस लाखांवर खपल्यावर डिस्नेने खराखुरा ग्रुप उभा केला, पण तिघींचाच. रेव्हन त्यात नव्हती. म्हणजे पडद्यावर चौघी जिवाभावाच्या बहिणी आणि स्टेजवर तिघी. 2006 मध्ये बार्सिलोनातल्या दुसऱ्या सिनेमात चौघी पुन्हा एकत्र आल्या, पण 2008 च्या तिसऱ्यात रेव्हन नाहीच. तिचं पात्र केंब्रिजला शिकायला गेलं म्हणे! नटी सोडून गेली की पात्राला परदेशी धाडायचं, ही युक्ती आपल्या मालिकावाल्यांचीच, असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

आणि हा तिसरा सिनेमा चक्क भारतातला. पोरींना 'नमस्ते बॉम्बे' नावाच्या बॉलिवूडपटात काम मिळतं. शूटिंग कुठे? उदयपूरला! नाव मुंबईचं, महाल मेवाडचे. तळी, हवेल्या, घागरे आणि फोनवर तांत्रिक मदत करणारा भारतीय मुलगा, एवढ्यात त्यांचा भारत आटोपला. तिथे कळतं की पैसे एकीपुरतेच आहेत. मग मैत्रिणी एकमेकींविरुद्ध उभ्या, रुसवेफुगवे, समेट. शेवटी ती भूमिका गीता नावाच्या इथल्याच नर्तकीला मिळते. बॉलिवूडच्या सिनेमात भारतीय मुलीला घ्यायचं, हे सुचायला तीन अमेरिकन पोरींना विमानाने यावं लागलं. बरं झालं आल्या.

खटकतं ते हेच. 'आम्ही बहिणी' हे त्यांनी लहान मुलींना इतक्यांदा ऐकवलं आणि चौथी गेली, तेव्हा एका वाक्यात विषय संपवला. डिस्नेच्या कारखान्याला वेळ कुठे होता? 2006 च्या दौऱ्यात त्यांच्याआधी स्टेजवर येऊन गाणारी मुलगी होती मायली सायरस, डिस्नेच्याच मालिकेतली गायिका हॅना मॉन्टॅना बनून. पुढचा माल तयारच होता. तिसऱ्या सिनेमानंतर या तिघींचाही ग्रुप गुंडाळला गेला.

हे सगळं भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "मग चौथी परत आलीच नाही?" नाही म्हटलं. तिने मान वर करून भिंतीवरच्या पोस्टरमधली डोकी मोजली.